पाणी तपासायचं काम शिकायचं आहे, पण इंजिनिअरिंग परवडत नाही

अक्का,
मी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे, विषय पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी). आमचं गाव मार्कंडेय नदीच्या काठाला आहे, नाव छापू नका. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. गेली तीन वर्षं पावसाळा संपला की आमच्या शेताजवळ नदीला फेस येतो आणि वास सुटतो. कारखान्यानंच सोडलं असणार असं सगळे म्हणतात, पण पुढं काहीच होत नाही. मला हे पाणी तपासायचं काम शिकायचं आहे. बीई करायची आमची ऐपत नाही, धाकटा भाऊ अजून शिकतोय. टेक्निशियन होता येतं असं कळलं. त्यासाठी नेमकं काय शिकावं लागतं? माझं इंग्लिश कच्चं आहे, कन्नड जेमतेम. कोल्हापूरकडं जावं की बेळगावातच राहावं? आणि आप्पा म्हणतात, "गटाराचं काम आहे ते, पोरीच्या जातीला कशाला?" त्यांना काय सांगू?
— मार्कंडेय काठची एक विद्यार्थिनी

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आनंद झाला. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या एका वाक्यावर अडले. त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण हे काम तुला मानवेल की नाही ते तिथंच कळणार आहे.

"कारखान्यानंच सोडलं असणार" असं तू लिहिलंयस. असेलही. पण नदीला फेस येण्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात. धुण्याच्या पावडरीनं फेस येतो. शहराच्या नाल्यातून न शुद्ध केलेलं सांडपाणी आलं तरी येतो. पालापाचोळा आणि गवत कुजून त्याचा अर्क पाण्यात उतरला आणि ते पाणी बंधाऱ्यावरून पडलं, तर कुणी काही न सोडताही फेस दिसतो. साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या पाण्यानंही येतो. यातलं कुठलं कारण खरं, ते काठावर उभं राहून ठरत नाही. त्यासाठी एकाच दिवशी, एकाच वेळेच्या आसपास, संशयाच्या जागेच्या वर एक आणि खाली एक असे दोन नमुने घ्यावे लागतात. खालच्या नमुन्यात कितीही घाण निघाली, तरी वरचा नमुना नसेल तर समोरचा माणूस सरळ म्हणतो, "वरूनच तसं आलं असेल." त्यावर तुझ्याकडं उत्तर नसतं.

टेक्निशियनचं काम नेमकं हे आहे. यंत्रणा कशी बांधायची, टाकी किती मोठी हवी, याचा हिशोब करून सही करतो तो इंजिनिअर. त्या टाकीत आज काय चाललंय ते मोजणं, नमुना नीट घेणं, तो प्रयोगशाळेपर्यंत शाबूत पोचवणं, तपासणं, नोंद ठेवणं, हवा सोडणारं यंत्र बंद पडलं तर ते पहिल्यांदा लक्षात येणं, हे टेक्निशियनचं. कारखान्यात त्याला ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) ऑपरेटर म्हणतील, हॉस्पिटलात नाहीतर मोठ्या अपार्टमेंटमध्ये एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारी यंत्रणा) ऑपरेटर, प्रयोगशाळेत केमिस्ट, कन्सल्टंटकडं फील्ड असिस्टंट. पाट्या वेगळ्या असल्या तरी मूळ काम एकच. 'एन्व्हायर्नमेंटल टेक्निशियन' असं नाव घालून जाहिराती शोधत बसलीस तर फारशा सापडणार नाहीत, म्हणून ही नावं लक्षात ठेव.

आता शिक्षणाचं. तुझ्यासाठी सरळ वाट डिप्लोमाची. दहावीनंतर तो तीन वर्षांचा असतो. पण बारावी सायन्स, म्हणजे आपल्याकडची पीयूसी, पास झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे तुला दोनच वर्षं लागतील. हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. पीयूसी करून पुन्हा पहिल्या वर्षाला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. घरच्यांचा वर्षाचा खर्च वाया आणि पोरांचंही वर्ष गेलं. एवढंच की थेट दुसऱ्या वर्षाला गेलीस तर पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग तुझ्या हातून सुटलेलं असेल. पहिले दोन महिने त्यासाठी जास्तीचे तास काढावे लागतील. त्याची तयारी ठेव.

शाखा कुठली? पर्यावरण अभियांत्रिकी या नावाचा डिप्लोमा जवळपास शोधण्यात दिवस घालवू नकोस. सिव्हिल घे. सिव्हिलमध्ये पाणीपुरवठा, सांडपाणी, हायड्रॉलिक्स आणि सर्व्हे हे सगळं येतं, आणि उद्या पाण्याच्या कामात जागा नसेल तर सिव्हिलवाल्याला दुसरीकडं काम मिळतं. घरची परिस्थिती बेताची असेल तेव्हा हा विचार करायलाच पाहिजे. केमिकलचा डिप्लोमा या कामाला सिव्हिलइतकाच जवळचा, काही बाबतीत जास्तच. सोयीच्या ठिकाणी मिळाला तर तोही घे. बेळगावात सरकारी पॉलिटेक्निक आहे, मराठा मंडळाचं आहे, भरतेशचं आहे. चिकोडीला केएलईचं आहे. सरकारी पॉलिटेक्निक मिळालं तर दुसरीकडं बघू नकोस, फीमध्ये फार फरक पडतो.

दुसरी वाट बीएस्सीची, केमिस्ट्री घेऊन. तुझा जीव प्रयोगशाळेत रमत असेल तर ही चांगली. कारखान्यांच्या आणि खाजगी प्रयोगशाळांत केमिस्ट म्हणून घेताना बीएस्सी केमिस्ट्रीच मागतात, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळेतल्या पदांनाही विज्ञानाची पदवी लागते. पण पत्रात तू नदीबद्दल आणि शेताबद्दल ज्या ओढीनं लिहिलंयस, त्यावरून मला वाटतं तू बाहेर फिरून काम करणारी आहेस. माझा कौल डिप्लोमाला.

तुझ्या वर्गातली कुणी आयटीआयचा विचार करत असेल तर तिलाही सांग. अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) आणि लॅबोरेटरी असिस्टंट (केमिकल प्लांट) असे ट्रेड आयटीआयमध्ये असतात, सगळीकडं नसतात पण असतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर झालेली मुलंही ईटीपीवर चांगली तयार होतात, कारण तिथं अर्धं दुखणं पंप आणि मोटारींचंच असतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार त्यांनाही उघडं असतं.

आणि बीई कायमचं सुटलं असं मानू नकोस. डिप्लोमा झाल्यावर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन-तीन वर्षं नोकरी करून, भावाचं शिक्षण मार्गी लावून मग गेलीस तरी चालेल. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. आपल्या भागातल्या मुलांना ते एरवी फक्त बसमधून दिसतं.

पैशाचं बोलू. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद, तिची 'प्रगती' नावाची शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलींनाही ती मिळू शकते. वर्षाला ५०,००० रुपये. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं आणि कॉलेज एआयसीटीईची मान्यता असलेलं लागतं. म्हणून प्रवेश घेण्याआधी ती मान्यता तपास. कर्नाटक सरकारच्या शिष्यवृत्त्या एसएसपी पोर्टलवरून मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आताच काढून ठेव. निकाल लागल्यावर दाखले देणाऱ्या नाडकचेरीत अशी रांग लागते की मुदत टळून जाते.

आता कोल्हापूर की बेळगाव. महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी तुझं गाव असेल, तर महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी दोन दाखले लागतात, गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. ठरलेल्या नमुन्यातच लागतात, ऐनवेळी धावपळ करून मिळत नाहीत. २००८ च्या शासन निर्णयानुसार या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या सरकारी नोकऱ्यांसाठीही अर्ज करता येतो. त्या बाजूला जायचंच झालं तर कोल्हापूरचं सरकारी पॉलिटेक्निक आहे, आणि मला स्वतःला गारगोटीची सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंग संस्था फार आवडते. गावाचं पाणी, गावाचे रस्ते, गावाचं बांधकाम हे डोळ्यांसमोर ठेवून शिकवण्याची तिथली परंपरा आहे. निपाणीकडची मुलगी असती तर मी तिला तिकडंच पाठवलं असतं.

पण तू मार्कंडेय काठची आहेस. तुझ्यासाठी मी बेळगाव म्हणेन. कारण भावनेचं नाही, खर्चाचं आणि कामाचं आहे. घरून बसनं जाऊन येशील, वसतिगृहाचे पैसे वाचतील. आणि तुला ज्या पाण्यावर काम करायचंय ते इथलं आहे. तुझ्याच नदीवर वरच्या अंगाला राकसकोपचा जलाशय आहे, शहर ते पाणी पितं. तीच नदी खाली तुझ्या शेताजवळ कशी येते ते तू रोज बघतेस. पुढं ती घटप्रभेला मिळते. शहरातला बेळ्ळारी नाला वडगाव-शहापूरच्या शिवारातून जातो आणि दर पावसाळ्यात तिथली भातं पाण्याखाली जातात. तुरमुरीला शहराचा कचरा जातो. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, जिल्हाभर साखर कारखाने आहेत. या विषयाचा अभ्यास करायला एवढं एका जिल्ह्यात मिळतंय, तर तू लांब कशाला जातीस?

इथं राहायचं म्हणजे कन्नड शिकायचं. हे मी तुला अगदी स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडं याविषयी कुणी स्पष्ट बोलत नाही. कर्नाटकातल्या सरकारी पदांसाठी कन्नडची परीक्षा पास व्हावीच लागते. ते राहू दे. रोजच्या कामाचं बघ. कारखान्यात रात्रपाळीचा ऑपरेटर गोकाककडचा असणार, पंचायतीतला पाणी सोडणारा सौंदत्तीचा असणार. ते नीरु म्हणतील, चरंडी म्हणतील, आणि "रात्री दोनला वास बदलला" ही सगळ्यात मोलाची माहिती तुला कन्नडमध्येच सांगतील. त्यांचं बोलणं कळलं नाही तर तू फक्त मीटरवरचा आकडा घेऊन परत येशील. तू शाळेत कन्नड शिकलेली आहेस, लिपी येते. बोलायची भीड तेवढी मोडायची आहे. बाजारात, बसमध्ये, पंचायतीत मुद्दाम कन्नडमध्ये बोल, चुकू दे. मी या कामाला लागले तेव्हा मला "बेकू" (हवं) आणि "बेडा" (नको) याच्या पुढं काही येत नव्हतं. सहा महिन्यांत कामापुरतं आलं, ते एका पंप ऑपरेटर मावशीमुळं. त्यांना मराठी शिकायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकींना शिकवायचो.

इंग्लिशचं एवढं मनावर घेऊ नकोस. डिप्लोमाची पुस्तकं आणि पेपर इंग्लिशमध्ये असतात हे खरं. पण तांत्रिक इंग्लिश म्हणजे दोन-तीनशे शब्द आणि तीच तीच वाक्यं. एक वही कर. डाव्या बाजूला शब्द, उजवीकडं त्याचा अर्थ तुझ्या मराठीत, जमेल तिथं कन्नड शब्दही. पहिल्या सेमिस्टरला जड जाईल. एखादा विषय राहिला तरी घाबरून घरी बसू नकोस.

तुला शिकायचं काय आहे त्याची थोडी चव देते. पीयूसीच्या लॅबमध्ये तू टायट्रेशन करतेस ना? ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग बदलला की थांबायचं. हेच काम तू आयुष्यभर करणार आहेस. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर नमुना घेतल्या घेतल्या, काठावरच, बाटलीत दोन रसायनं घालून तो प्राणवायू 'बांधून' ठेवावा लागतो. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा येतो. मग प्रयोगशाळेत आणून आम्ल घालायचं, थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं.

आणि बीओडी म्हणजे काय, तर पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. आपल्या देशात ही परीक्षा २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून करतात. पहिल्या दिवशीचा प्राणवायू आणि तीन दिवसांनंतरचा, यातल्या फरकावरून हिशोब. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यातल्या बीओडीची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, जमिनीवर सिंचनाला सोडायचं असेल तर १००. साखर कारखान्यांसाठी २०१६ च्या नियमांनुसार गाळलेल्या एक टन उसामागं सांडपाणी २०० लिटरपेक्षा जास्त होता कामा नये. हे आकडे पाठ झाले की कारखान्याच्या गाळपाचा नुसता आकडा ऐकून तू मनात हिशोब करायला लागशील.

शेतकऱ्याच्या पोरीला यात एक फायदा असतो. सांडपाणी शुद्ध करणारी मोठी टाकी म्हणजे जिवाणूंचा गोठाच आहे. त्यांना हवा लागते, खाणं लागतं, आणि खाण्यात नत्र-स्फुरद कमी पडलं तर ते आजारी पडतात. बीओडीच्या १०० भागांना नत्र ५ आणि स्फुरद १, असं प्रमाण धरतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी टाकीत शेणाचं पाणी, युरिया, डीएपी घालून जिवाणू वाढवायला घेतात, विरजण लावावं तसं. हे शहरातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. तुला एका वाक्यात कळेल. एकदा एका कारखान्यात एक म्हातारे कामगार मला म्हणाले होते, "बाई, पाणी काळं येऊलालंय, टाकीला श्वास मिळंना." मीटर आणून बघितलं तर प्राणवायू जवळजवळ शून्य. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा पट्टा सुटला होता. ते शाळेत गेलेले नव्हते, पण त्यांच्याकडून मी जितकं शिकले तितकं कुठल्या वर्गात शिकले नाही.

एक माझ्या हातून झालेली चूक सांगते, ती तू करू नयेस म्हणून. नोकरीच्या पहिल्या वर्षात मला एका शेतकऱ्याच्या विहिरीचा नमुना आणायला पाठवलं होतं. मे महिना. विहिरीचं पाणी बदललंय, गुरं तोंड लावत नाहीत, अशी त्याची तक्रार. मी नमुना घेतला, बाटल्या पिशवीत घातल्या, आणि बर्फाची पेटी जड होते म्हणून सोबत नेलेलीच नव्हती. बस चुकली, दुसरी दीड तासानं आली. प्रयोगशाळेत पोचले तेव्हा बाटल्या गरम झालेल्या. नमुना नाकारला गेला, आणि योग्यच केलं. पुन्हा जायला आठ दिवस लागले, तोवर वळीव बरसून विहीर भरली होती. दुसऱ्या नमुन्यात काही सापडलं नाही. त्या माणसाच्या हातातला पुरावा माझ्या आळसामुळं गेला. त्याचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे आणि ते मी इथं लिहिणार नाही. त्या दिवसापासून बर्फाशिवाय मी कधी नमुन्याला गेले नाही.

म्हणून पॉलिटेक्निकमध्ये असताना नमुना घेणं हे नुसतं वाचून सोडू नकोस. नदीत प्रवाहाकडं तोंड करून, बाटलीचं तोंड पाणी येतं त्या बाजूला धरून, पृष्ठभागाच्या खालून भरायची. साधी बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळायची, पण जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली कधी विसळायची नाही. सीओडीच्या (प्राणवायूची गरज जिवाणूंऐवजी रसायनानं मोजायच्या तपासणीच्या) बाटलीत गंधकाम्ल घालून ठेवता येतं, बीओडीच्या बाटलीत नाही, ती थंड ठेवून लवकरात लवकर पोचवायची. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही तिथंच लिहायची, घरी येऊन नाही.

डिप्लोमा झाल्यावर थेट नोकरीच्या मागं न लागता एक वर्ष अप्रेंटिसशिप कर. डिप्लोमावाल्यांसाठी केंद्र सरकारची एनएटीएस योजना आहे, पोर्टलवर नाव नोंदवायचं, वर्षभर विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. जागा निवडताना एकच बघ, तिथली प्रयोगशाळा खरोखर चालते का. काचेच्या कपाटात धूळ खाणारी उपकरणं दिसली तर तिथं जाऊ नकोस. तुझ्या अख्ख्या कारकिर्दीचं वळण या वर्षात पडतं. सांडपाणी यंत्रणेच्या टेक्निशियनसाठी स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सचे छोटे अभ्यासक्रमही आहेत, डिप्लोमाला जोड म्हणून चांगले. साखरेच्या बाजूला जावंसं वाटलं तर निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे, गणेशपूरला. तीन महिन्यांत 'एन्व्हायर्नमेंट ऑफिसर' करतो म्हणणाऱ्या आणि फी आधी मागणाऱ्या क्लासेसना मात्र पैसे देऊ नकोस, आणि घरबसल्या मिळणाऱ्या इंजिनिअरिंग डिप्लोमालाही भुलू नकोस.

पगार सुरुवातीला मोठा नसतो. साखर कारखान्यात तर पुष्कळदा हंगामी काम असतं, गाळप संपलं की घरी. तीन पाळ्यांची ड्युटी असते. हे आप्पांपासून लपवू नकोस. मुलीला रात्रपाळीचा प्रश्न येतो, म्हणून सुरुवात प्रयोगशाळेत किंवा फील्डच्या दिवसपाळीच्या कामात कर. पाच-सहा वर्षांत जिच्या नोंदी विश्वासाच्या आहेत अशी टेक्निशियन कुणाला सोडवत नाही.

नोंदीवरून आठवलं. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मी सकाळी गेले तर लॉगबुकात त्या दिवसाच्या संध्याकाळचे आकडे आधीच भरलेले होते. पीएच ७.२, ७.२, ७.२, पानभर. मी मीटर लावला तर ५.१. मला म्हणाले, "मॅडम, ७.२ च लिहा, रोज तेच लिहितात." मी ५.१ लिहिलं. पुढच्या वेळी मला तिथं बोलावलं नाही. तुझ्यावरही ही वेळ येणार, आणि बहुतेक नोकरीच्या पहिल्या वर्षातच, जेव्हा पगाराची सगळ्यात जास्त गरज असेल. काय लिहायचं ते आत्ताच, घरात बसून, शांत डोक्यानं ठरवून ठेव.

आता आप्पांना काय सांगायचं. "गटाराचं काम" हे शब्द ते तुच्छतेनं म्हणत असतील असं मला वाटत नाही. त्यांनी मॅनहोलमध्ये उतरणारी माणसं पाहिली असतील, आणि पोरगी त्यात जाईल या धास्तीनं म्हणत असतील. त्यांना सांग, माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तिथं हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस तिथंच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. टेक्निशियन म्हणून तुझ्या हातात गॅस मोजायचं यंत्र असेल, आणि यंत्र 'नाही' म्हणालं तर कुणालाही आत जाऊ न देणं हे तुझं काम असेल, साहेबानं सांगितलं तरी. हे आप्पांना नीट समजाव. आणि शक्य झालं तर त्यांना एखाद्या पाणी शुद्धीकरण केंद्रात घेऊन जा, अर्ज देऊन परवानगी घेऊन. राकसकोपचं गढूळ पाणी तुरटी पडल्यावर कसं निवळतं, वाळूतून कसं गाळतात, शेवटी क्लोरीन किती उरला ते थेंब टाकून कसं बघतात, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. नळाच्या टोकाला तो ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी उरायला हवा. ते बघणारी माणसं कोण असतात तेही त्यांना दिसेल.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत काय करायचं ते सांगते. तुमच्या ग्रामपंचायतीत जा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचार, त्यांच्याबरोबर एकदा तपासणी कर. कुणीच नसेल तर तूच शिकते म्हण.

आणि एक शंभर पानी वही घे. नदीवर दोन जागा ठरव, रोज एकाच वेळी जा. तारीख, वेळ, पाऊस झाला का, पाण्याचा रंग, वास, फेस आहे का, मासे वर येऊन तोंड उघडतायत का, वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलंय का. संशयाच्या जागेच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाची एक, दोन्हीकडचं लिही. अंदाज लिहू नकोस, दिसलं तेवढंच लिही. एकटी पाण्यात उतरू नकोस, काठावरूनच बघ, भावाला सोबत ने. फेस येईल त्या दिवशी वेळ मिनिटासकट लिही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं तक्रार द्यायची झाली तर "नेहमी येतो" यापेक्षा तारीखवार नोंद असलेला अर्ज हातात असलेला बरा.

पीयूसीच्या निकालानंतर प्रवेशाच्या आधी मला पुन्हा लिही, मार्क आणि कुठल्या पॉलिटेक्निकला जागा दिसतेय ते कळव. सोबत त्या वहीच्या पहिल्या दहा पानांचे फोटो पाठव. मी ती वाचणार आहे.

तुझी,
अक्का